ठोक्यांचा सूर कुठे होतो?

वाचकांचे प्रश्न

चतुर्थीनंतरच्या टपालात या वेळी ऐकण्याविषयीची पत्रे अधिक होती. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. परंतु नंतरची उत्तरे त्याच्याच आधाराने दिलेली असल्यामुळे ते आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यावर चतुर्थीत घुमट-आरतीची परंपरा आहे आणि मी गेली वीस वर्षे घुमट हे मडक्याचे तालवाद्य वाजवतो. आरती संथ लयीत सुरू होते तेव्हा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. शेवटी लय चढली की ठोके एकमेकांना चिकटू लागतात, तरी ते वेगळे कळतात. मध्यंतरी एका वृत्तपत्रात वाचले की, आवाज ऐकताना मेंदूच्या ऑडिटरी कॉर्टेक्समधील न्यूरॉन ‘सिंक्रोनाइझ’ होतात. म्हणजे नेमके काय होते? माझ्या प्रत्येक ठोक्याला ते सगळे एकदम उसळतात का, आणि किती वेगापर्यंत ते साथ देऊ शकतात?
— एक घुमटवादक, डिचोली

उत्तर : ‘सिंक्रोनाइझ’ हा शब्द वृत्तपत्रांत फार सैलपणे वापरला जातो, म्हणून आधी त्याची फोड करून घेऊ. शिगम्यातल्या रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, पंचवीस ढोलांवर एकाच क्षणी टिपरी पडते, तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर सगळे ढोलवाले पुढच्या ताशाकडे कान लावून असतात आणि तो ताशाच त्यांना एकत्र आणतो. नाहीतर ते शेजारच्याच्या हाताकडे पाहून एकमेकांना सांभाळून घेतात. लांबून ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही. श्रवणाच्या पेशींचेही तसेच आहे. बाहेरच्या आवाजाने बांधल्या गेल्यामुळे त्या एका वेळी स्पंद सोडतात ही एक गोष्ट, आणि आपसांतील जोडण्यांमुळे एका वेळी सोडतात ही दुसरी. आपला प्रश्न पहिल्या प्रकाराचा आहे. दुसऱ्याकडे पुढच्या पत्राच्या उत्तरात वळू.

न्यूरॉन म्हणजे चेतापेशी. तिचा विद्युत्-स्पंद सुमारे एका मिलिसेकंदाचा असतो आणि आवाज मोठा झाला म्हणून तो स्पंद काही मोठा होत नाही. तेव्हा स्पंद केव्हा सुटला, ठरावीक वेळात किती सुटले आणि कोणत्या पेशीने सोडले, एवढ्यावरच मेंदूला सगळे ओळखायचे असते. घुमटावर थाप पडली की हवेतले कंपन कानाच्या पडद्यावरून आणि तीन हाडांवरून अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत, म्हणजे कॉक्लिआत पोहोचते. तिच्या आतली लवचिक पट्टी तळाशी तार स्वरांनी आणि टोकाशी खर्जाने अधिक हलते. त्या हालचालीची वार्ता मेंदूकडे नेणाऱ्या आतल्या ओळीतील केशपेशी एका कानात जेमतेम ३,५०० असतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या श्रवणचेतेत सुमारे ३०,००० तंतू असतात. प्रत्येक तंतू ध्वनिलहरीच्या विशिष्ट टप्प्यालाच स्पंद सोडण्याकडे झुकतो. मांजरासारख्या प्राण्यांत मोजले असता हा मेळ सेकंदाला चार-पाच हजार कंपनांपर्यंत टिकलेला दिसतो.

येथे एक अडचण आहे. एकटा तंतू सेकंदाला काही शेकड्यांपेक्षा जास्त स्पंद सोडूच शकत नाही, मग हजारोंच्या वेगाला मेळ बसतो कसा? अर्नेस्ट वीव्हर आणि चार्ल्स ब्रे या अमेरिकी संशोधकांनी १९३० मध्ये याचे जे उत्तर सुचवले ते ढोलवाल्यांना लगेच पटेल: एका ढोलकऱ्याला जो वेग झेपत नाही, तो चौघांनी आळीपाळीने ठोके वाटून घेतले तर सहज निघतो. प्रत्येक तंतू काही लहरी सोडून देतो, पण जेव्हा स्पंद सोडतो तेव्हा टप्पा चुकवत नाही, आणि सगळ्यांची बेरीज पूर्ण वेगाची होते. या जोडीचा प्रयोगही गमतीचा होता. भूल दिलेल्या मांजराच्या श्रवणचेतेला तार जोडून ती त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या टेलिफोनच्या श्रवणयंत्राला नेली. एकाने मांजराच्या कानात बोलावे आणि दुसऱ्याला ते शब्द तिकडे ऐकू यावेत, असे खरोखर घडले. पुढे असे निष्पन्न झाले की, त्या तारेतून आलेली वीज मुख्यतः चेतेची नव्हतीच, ती कॉक्लिआतल्या केशपेशींची होती. प्रयोगाचा अर्थ चुकला, पण आळीपाळीची कल्पना मात्र बरोबर निघाली. विज्ञानात असे अधूनमधून होते आणि पाठ्यपुस्तके ते सांगत नाहीत.

श्रवणचेतेपासून वर जाताना मार्गात मेंदूच्या दांड्यातील केंद्रे, मध्यमेंदू आणि थॅलॅमस हे थांबे लागतात, आणि कानाच्या थोडे वर, मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत दडलेला जो पट्टा लागतो तो ऑडिटरी कॉर्टेक्स; त्याला येथे श्रवण-बाह्यक म्हणू. प्रत्येक थांब्यावर एक विचित्र गोष्ट घडते: आवाजाशी पावलाला पाऊल जुळवून चालण्याची पेशींची कमाल मर्यादा उतरत जाते. चेतेत ती हजारांत होती, मध्यमेंदूत काही शेकड्यांवर येते, आणि श्रवण-बाह्यकातील बहुतेक पेशींत ती सेकंदाला तीस-चाळीस, फार तर पन्नास ठोक्यांवर येऊन थांबते. मेंदूचा सर्वांत प्रगत मानला जाणारा भाग कानातल्या साध्या तंतूपेक्षा शंभरपट मंद असावा, हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. तथापि, हा दोष नाही, असे मला वाटते, आणि त्याचे कारण एका प्रयोगात फार स्वच्छ दिसते.

शाओचिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मार्मोसेट या लहान माकडांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. माकडे जागी होती आणि त्यांना ‘टिक् टिक्’ अशा ठोक्यांच्या माळा वेगवेगळ्या वेगाने ऐकवल्या होत्या. श्रवण-बाह्यकात पेशींचे दोन गट आढळले. पहिला गट संथ माळेतील प्रत्येक ठोक्याला स्पंद सोडत होता. दोन ठोक्यांमधले अंतर वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या खाली गेले की तो मागे पडत होता. दुसरा गट ठोक्याशी मेळ बसवतच नव्हता, पण माळ जितकी जलद तितके त्याचे एकूण स्पंद वाढत होते. एकाने ठोके मोजून दाखवावेत आणि दुसऱ्याने केवळ ‘वेग वाढला’ एवढेच सांगावे, अशी ही वाटणी आहे. आपल्या स्वतःच्या कानाला काय जाणवते ते आता आठवून पाहा. सेकंदाला दहा ठोके सुटे कळतात. वीस-तीसच्या आसपास ते घरघरीसारखे खरखरीत होतात. आणि त्याच्या बरेच पुढे गेले की ठोके संपून एक सलग सूर ऐकू येतो. ठोक्याचा सूर जिथे होतो, साधारण त्याच ठिकाणी पहिला गट साथ सोडतो आणि दुसरा गट पुढे येतो.

आपल्या घुमटाविषयी सांगायचे तर, कितीही द्रुत लयीत दोन हातांनी सेकंदाला दहा-बारा ठोके निघत असतील, तर ते या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. म्हणूनच ते चिकटल्यासारखे वाटले तरी वेगळे कळतात. मात्र प्रत्येक ठोक्याच्या पोटात कातड्याची आणि मडक्यातल्या हवेची जी कंपने असतात ती फार जलद असतात, आणि आपण दुसऱ्या तोंडावर तळहात कमी-अधिक दाबता तेव्हा तीच बदलतात. ही बारीक कंपने श्रवण-बाह्यक एकेक करून मोजत बसत नाही. तोवर खालच्या केंद्रांनी त्यांचे रूपांतर ‘कोणत्या पेशी जाग्या झाल्या’ आणि ‘किती जोराने’ या माहितीत केलेले असते. घोरपडीचे कातडे जाऊन बकऱ्याचे आले तेव्हा नाद बदलला, असे जाणकार वादक म्हणतात, आणि ते खरे असणार. पण तो बदल पेशींच्या निवडीत उमटेल, ठोक्याच्या मेळात नाही.

‘सगळे एकदम उसळतात का’, याचे उत्तर नाही असे आहे. ज्या पेशींचा स्वरपट्टा त्या आवाजाशी जुळतो त्याच भाग घेतात, आणि त्यांतलीही प्रत्येक पेशी प्रत्येक ठोक्याला हजर असतेच असे नाही. जी हजर असते ती बहुधा एखाद-दुसराच स्पंद सोडते. परंतु तो मोजक्या मिलिसेकंदांच्या फटीत सोडते. ही फट इतकी अरुंद राहण्याचे श्रेय चेतवणाऱ्या पेशींना जितके आहे तितकेच रोखणाऱ्या पेशींना आहे. थॅलॅमसकडून आलेली चेतना बाह्यकात पोहोचताच रोखणाऱ्या पेशीही जाग्या होतात आणि अवघ्या काही मिलिसेकंदांत दार बंद करतात, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला स्पंद सोडायला जागाच उरत नाही. मायकल वेर आणि अँथनी झेडर यांनी २००३ मध्ये उंदरांत हा क्रम थेट पेशीच्या आतून मोजला. दार बंद झाल्यावर ते लगेच पूर्ववत उघडत नाही, चेतासंधीही (दोन चेतापेशींमधले जोड) थोड्या थकलेल्या असतात, आणि वाटेतल्या प्रत्येक संधीवर वेळेचा थोडा गोंधळ भरत आलेला असतो. पुढचा ठोका फार लवकर आला तर त्याला उत्तर दुबळे मिळते, ते या सगळ्यामुळे.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. रियाजाला बसल्यावर काही मिनिटांनी तानपुऱ्याकडे लक्षच राहत नाही, पण तो थांबला की त्याच क्षणी कळते. मधल्या वेळात मेंदूतील पेशी तानपुऱ्याला प्रतिसाद देणे थांबवतात का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : एक दुरुस्ती आधी सुचवतो. तानपुरा हा सलग सूर नव्हे. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात आणि प्रत्येक छेडीला एक नवा आरंभ असतो, त्यामुळे वर सांगितलेला ठोक्याचा मेळ तानपुऱ्यातही थोडाफार चालूच राहतो. आपल्या प्रश्नाला सूरपेटीचा धरून ठेवलेला षड्ज हे अधिक चांगले उदाहरण आहे, आणि पुढील उत्तर तेच डोळ्यांसमोर ठेवून देतो.

असा सूर सुरू होताच श्रवण-बाह्यकातील अनेक पेशी एकदम स्पंद सोडतात, मग त्यांचा वेग झपाट्याने ओसरतो. पुष्कळ पेशींत तो काही वेळाने इतका खाली येतो की, केवळ स्पंदांची संख्या पाहणाऱ्या संशोधकाला सूर चालू आहे की बंद, हे सांगता येणार नाही. पूर्वी याचा अर्थ पेशी थकल्या, एवढाच घेतला जात असे. क्रिस्टोफर डीचार्म्स आणि मायकल मर्झेनिक यांनी १९९६ मध्ये मार्मोसेटमध्येच जे दाखवले त्यामुळे हा अर्थ अपुरा ठरला. त्यांनी एका वेळी अनेक पेशींची नोंद घेतली आणि संख्येऐवजी दोन पेशींच्या स्पंदांची परस्परांशी असलेली वेळ पाहिली. स्पंदांचा सरासरी वेग शांततेतल्या पातळीवर आलेला असतानाही, सूर चालू असेपर्यंत त्या सुराशी संबंधित पेशी एका वेळी स्पंद सोडण्याचे प्रमाण वाढलेलेच राहत होते. बेरीज तीच, पण जुळणी वेगळी. पहिल्या उत्तरात ज्याला शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून वाजवणे म्हटले, त्याच्याशी हा प्रकार जवळचा आहे. येथे मेळ एकेका ध्वनिलहरीशी बांधलेला नसतो.

याला एक पुरवणी जोडली पाहिजे. जुन्या प्रयोगांतील बरेचसे प्राणी भूल दिलेले असत, आणि भुलेखाली श्रवण-बाह्यक फक्त आरंभाला उत्तर देते, असे चित्र त्यामुळे अधिक ठळक झाले. जाग्या प्राण्यांत, पेशीला तिच्या आवडीचा नेमका आवाज मिळाला तर ती सूर संपेपर्यंत स्पंद सोडत राहते, हे वांग यांच्याच गटाने २००५ मध्ये दाखवले. उरला प्रश्न थांबण्याचा. काही पेशी आवाजाच्या आरंभाला गप्प राहतात आणि शेवटालाच उसळतात. शिवाय आतापर्यंत जे होत आले ते पुढेही होईल, या अंदाजाला धक्का बसला की मेंदूचा एक वेगळाच प्रतिसाद उठतो. सूरपेटीचा भाता थांबताच जे ‘रिकामे’ वाटते, त्यात या दोहोंचा वाटा असावा.

प्रश्न : तबल्याच्या सरावासाठी मी मोबाइलवर मेट्रोनोम लावतो. सगळे ठोके अगदी एकसारखे असतात, तरी मनात दादरा धरला तर तीन-तीनचे आणि केहरवा धरला तर चार-चारचे गट ऐकू येतात. हे गट कानात असतात की मनात?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : कानात नक्कीच नसतात. सिल्वी नोझारादान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हाच प्रश्न मेंदूच्या विद्युत्-आलेखावरून सोडवला. ऐकणाऱ्यांना सेकंदाला २.४ ठोके असलेला एकसुरी आवाज ऐकवून, त्यात एकदा दोन-दोनचे आणि एकदा तीन-तीनचे गट मनात धरायला सांगितले. आलेखात २.४ चा प्रतिसाद तर होताच. पण दोनचे गट धरले तेव्हा १.२ चा आणि तीनचे धरले तेव्हा ०.८ चाही उमटला, जरी बाहेरच्या आवाजात तसे काहीच नव्हते. म्हणजे समेवर येणारा भार पेशींच्या मेळात मोजता येण्याइतका खरा असतो. हा प्रतिसाद केवळ श्रवण-बाह्यकाचा आहे असे मात्र समजू नये, कारण लय धरताना हालचालीची केंद्रेही कामाला लागतात, मग आपला हात मांडीवर स्थिर का असेना. हात, पाय आणि तोंड यांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरणारे आपले लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर यांचा असा आलेख कोणी काढला असता तर काय दिसले असते, हा विचार मनात येऊन जातो.

प्रश्न : आमचे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले आणि त्याला कावीळही बरीच झाली होती. एका रुग्णालयात केलेल्या पहिल्या चाचणीत कान व्यवस्थित असल्याचे सांगितले. नंतरच्या ‘बेरा’ चाचणीत लहरी उमटत नाहीत, असा अहवाल आला. दोहोंपैकी कोणता खरा मानावा?
— एक पालक, पेडणे

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी तपासतात. पहिली चाचणी बहुधा ओएई असावी. तीत कॉक्लिआतील बाहेरच्या ओळीच्या केशपेशी परत पाठवतात तो अतिशय क्षीण ध्वनी टिपला जातो. या पेशी ठीक आहेत, एवढेच तिच्यावरून कळते. बेरा चाचणीत डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून श्रवणचेता आणि मेंदूचा दांडा यांतील वीज मोजतात. ही वीज फार अल्प असल्यामुळे हजार-दोन हजार ठोके ऐकवून त्यांची सरासरी काढावी लागते, आणि पहिल्या दहा मिलिसेकंदांत ज्या लहरी दिसतात त्या तंतूंनी अगदी एका वेळी स्पंद सोडले तरच दिसतात. स्पंद सुटत आहेत, पण मागे-पुढे सुटत आहेत, अशी स्थिती असेल तर सरासरीत ते एकमेकांना पुसून टाकतात आणि कागदावर सपाट रेघ येते. म्हणून सपाट रेघ म्हणजे बाळाला काहीच ऐकू येत नाही, असा अर्थ होत नाही.

केशपेशी चांगल्या आणि चेतेतील मेळ बिघडलेला, या अवस्थेला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जोरदार कावीळ ही तिची ओळखीची पार्श्वभूमी आहे. हे निदान आम्ही पत्रावरून करत नाही, परंतु श्रवणतज्ज्ञांना या शक्यतेविषयी स्पष्ट विचारावे, असे सुचवतो. काही बाळांत पहिल्या महिन्यांत सुधारणा होते, म्हणून चाचण्या पुन्हा करतात. ही अवस्था असेल तर आवाज मोठा करणाऱ्या साध्या श्रवणयंत्राचा उपयोग मर्यादित ठरू शकतो, कारण कमतरता आवाजाच्या जोराची नसून वेळेच्या नेमकेपणाची असते. अनेक मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला उपयोग झाला आहे, कारण ते चेतेला विजेचे ठोके थेट आणि एकदम देते. मात्र बिघाड चेतेत किती खोल आहे, यावर ते अवलंबून असते. आपली भेट ठरली नसेल तर ती लांबवू नये.

प्रश्न : माझे वय ७२ आहे. घरात बोलणे नीट कळते, पण लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचा आवाज ऐकू येऊनही शब्द लागत नाहीत. कानाच्या तपासणीत वयाच्या मानाने विशेष दोष निघाला नाही. मग अडते कुठे?
— एक ज्येष्ठ वाचक, मडगाव

उत्तर : बोलण्यातील अक्षरे सेकंदाला साधारण चार ते आठ या गतीने येतात आणि आवाजाचा चढ-उतार त्या गतीने होतो. ही गती श्रवण-बाह्यकाच्या मर्यादेत अगदी आरामात बसते, आणि बोलणे ऐकताना तेथील पेशींचे समूह या चढ-उताराच्या मागोमाग चालतात. दोघे एकदम बोलत असतील तेव्हा काय होते, हे नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी २०१२ मध्ये पाहिले. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवले होते अशा रुग्णांना दोन आवाज एकत्र ऐकवले. पेशींच्या नोंदींवरून आवाज पुन्हा उभा केला तेव्हा तो मिश्र आवाजासारखा न येता, रुग्णाने ज्याच्याकडे लक्ष दिले होते त्या एकाच्या बोलण्यासारखा आला. गर्दीत एकाच माणसाचे ऐकणे ही निवड या मेळातूनच होते.

वाढत्या वयात मेळ कमी होतो, म्हणून शब्द निसटतात, असे आपल्याला वाटेल आणि मलाही तसेच वाटत असे. निरीक्षण उलट आहे. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, वृद्धांच्या मध्यमेंदूतला प्रतिसाद तरुणांपेक्षा अस्पष्ट असतो, पण बाह्यकातला मात्र गरजेपेक्षा अधिक मोठा असतो. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, वयाबरोबर रोखणाऱ्या पेशींचे काम ढिले पडते; दार वेळेवर बंद होत नाही आणि पेशी ढिसाळपणे, जास्त संख्येने मेळात शिरतात. समोरच्याच्या शब्दांबरोबर मागच्या टेबलावरच्या गप्पाही मग मोठ्या होऊन येतात. शांत खोलीतली नेहमीची तपासणी किती हळू आवाज कळतो एवढेच मोजत असल्यामुळे तीत हे सापडत नाही. गोंगाटातले शब्द ओळखण्याची वेगळी चाचणी असते, ती करून घ्यावी. हॉलमध्ये ध्वनिक्षेपकापासून दूर, भिंतीकडे पाठ करून बसावे आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसतील अशी जागा धरावी. ओठांची हालचाल अक्षरांच्याच गतीने होते आणि तिचा आधार श्रवण-बाह्यकाला खरोखर मिळतो.

प्रश्न : ४० हर्ट्झचा आवाज रोज तासभर ऐकल्यास मेंदूतील पेशी एका तालात येऊन स्मरणशक्ती वाढते, अशी जाहिरात असलेले एक सशुल्क ॲप माझ्या मुलाने घेतले आहे. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : अर्धवट आहे. सेकंदाला चाळीस ठोके दिले की डोक्यावरून घेतलेल्या विद्युत्-आलेखात त्याच गतीची विशेष ठळक लहर उमटते, हे रॉबर्ट गॅलम्बोस आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच नोंदवले. एका ठोक्यानंतर उठणाऱ्या लहरींमधले अंतर सुमारे पंचवीस मिलिसेकंदांचे असल्यामुळे या वेगाला एकीवर दुसरी बरोबर बसते, असे त्यांनी कारण दिले होते. ही लहर भुलेखाली मंदावते आणि स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत दुबळी आढळते, म्हणून वैद्यकाला तिच्यात रस आहे. ॲपवाले ज्याचा आधार घेतात ते प्रयोग ली-ह्युई त्साई यांच्या प्रयोगशाळेतले आहेत: अल्झायमरसारखी विकृती असलेल्या उंदरांना ४० हर्ट्झचा लुकलुकता प्रकाश (२०१६) आणि आवाज (२०१९) दिल्यावर मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले. ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटाला मात्र २०२३ मध्ये प्रकाशाचा तसा परिणाम उंदरांत आढळला नाही. माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत, आणि त्या रुग्णांवर आहेत, परीक्षेला बसणाऱ्या निरोगी मुलांवर नाहीत. शिवाय अशी अनेक ॲप दोन कानांत किंचित वेगळे सूर देऊन ‘बायनॉरल बीट’ निर्माण करतात. त्याने उमटणारी चाळीसची लहर खऱ्या ठोक्यांनी उमटणाऱ्या लहरीपेक्षा पुष्कळ क्षीण असते. वर्गणीची पुढची तारीख येण्यापूर्वी ॲप बंद करावे, आणि तोपर्यंत मुलाला ते ऐकायचेच असेल तर निदान हेडफोनचा आवाज कमी ठेवायला सांगावे.